अभ्यासाचं सुतक

योजना आखण्यात माझा हात धरील असा माणूस साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. उगाच नंतर गैरसमज नको. माझी एकही योजना आजवर फसलेली नाही. योजना शेवटपर्यंत पार पडते. मधल्यामधे मीच तेवढा पडतो!

ते चौतीस-पस्तीस साल असावं. मी नागपूरला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. होतो म्हणजे मुक्कामालाच होतो. आदल्या वर्षी अर्थशास्त्रानं मला पाहुण्यासारखं आग्रह करून ठेवून घेतलं होतं.

आमचं कॉलेज म्हणजे मोठी जत्रा. जबलपूरपासून चांद्यापर्यंतची पोरं तिथं येऊन पडलेली. अर्थशास्त्राच्या तासाला हॉलमध्ये एवढी दाटी, की मागच्या बाकावरून प्राध्यापक दिसत नसत, आणि मागे बाक आहे हे प्राध्यापकांना ठाऊक नसे. त्यांच्या लेखी आम्ही सगळे नंबर. नंबर पुकारला की कोणीतरी ‘येस सर’ म्हणायचं. माझ्या नंबराला ‘येस सर’ म्हणायचं काम माझ्या खोलीतल्या विश्वनाथकडे होतं. घोटाळा एवढाच झाला, की सीताबर्डीवर बोलपट नवे नवे आले होते आणि ते बघायला आम्ही दोघं बरोबरच जात होतो! विश्वनाथच्या नंबराला ओरडणारा मात्र भंडाऱ्याचा एक भरवशाचा मुलगा होता. तेव्हा विश्वनाथची हजेरी भरली आणि माझ्या हजेरीला उन्हाळ्यातल्या नाग नदीची कळा आली.

प्रिन्सिपॉलसाहेबांचा निरोप आला. “हजेरी फार कमी. शुक्रवारी भेटा. परीक्षेला बसू द्यायचं की नाही, ते तेव्हा ठरवू.”

इकडे बाबांचा निरोप आधीच येऊन बसला होता. बाबा म्हणजे पारशिवनीचे गणपतराव कापडवाले. दिवाळीत घरी गेलो तेव्हा दुकानाच्या गादीवरून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, त्यांनी मला बजावलं होतं, “औंदा पास नाही झाला, तं पुस्तकं बांध आन गज धर! पगारी माणसं ठेवून राहिलो मी दुकानात, आन घरचा पोट्टा नागपुरात हवा खाऊन राहिला!”

गज धर म्हणजे दुकानात बसून जन्मभर मांजरपाट मोज. मला मांजरपाटाबद्दल वैयक्तिक काही म्हणायचं नाही, पण जन्मभर?

तेव्हा मी योजना आखली.

मूळ दुखणं एकच होतं. मी खोलीत टिकत नसे. पुस्तक उघडलं की पाय आपोआप सीताबर्डीकडे वळत. मग पाय थांबवायचे कसे? विचार करता करता मला उत्तर सापडलं, आणि ते माझ्याच डोक्यावर होतं! माझे केस म्हणजे अख्ख्या होस्टेलचा मत्सर. तेच उतरवून टाकले तर? गोटा केलेला पोरगा बोलपटाला जाईल का? तेलंगखेडीला फिरायला जाईल का? लाजेनं खोलीतच मरेल!

विश्वनाथला योजना इतकी आवडली, की त्यानं तीत भर घातली.

“चपला माह्या पेटीत घालून कुलूप लावतो,” तो म्हणाला. “किल्ली माह्याजवळ. अनवाणी कुठी जाशील बे तू या उन्हात?”

“वा! आणि सदरेही घाल. नुसत्या पंच्यावर कोणी सीताबर्डीला जात नाही.”

“खाटही देऊन टाक कोणाले. जमिनीवर चटई टाकून झोप. झोप लागतच नाही, मंग वाचत बसते माणूस.”

“आणि जेवण एकवेळ,” मी म्हणालो. “पोट भरलं की डोळे मिटतात.”

अशी आमची योजना तयार झाली. आता तुम्ही म्हणाल, यात काहीतरी दिसतंय. तुम्हाला दिसतंय! बी.ए.च्या वर्गातल्या दोन मुलांना दिसलं नाही, यावरून त्या काळच्या शिक्षणाची कल्पना करा.

मंगळवारी दुपारी न्हावी आला. होस्टेलच्या व्हरांड्यात मी मांडी घालून बसलो, उघडाच, कमरेला पंचा. म्हटलं, “डोकं साफ कर.” एवढं बोलून अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं, कारण आता क्षणही वाया घालवायचा नव्हता. ‘मागणी आणि पुरवठा’ हे प्रकरण सुरू केलं. त्या प्रकरणाचा गुण म्हणा, की डोक्यावर गार पाणी पडल्याचा, मला जी डुलकी लागली, ती ओठावर वस्तऱ्याचा गारवा जाणवला तेव्हाच मोडली.

“अरे, अरे! मिशी!”

“झालंच मालक, हालू नका.”

ती मिशी वाढवायला मला इंटर आणि ज्युनियर बी.ए. अशी दोन्ही वर्षं लागली होती. न्हाव्याला ओल्या फडक्याच्या एका फटकाऱ्यापुरता वेळ लागला.

“मिशी काहून काढली गा?” मी जवळजवळ रडतच म्हणालो.

“डोस्क्यासंगं जातेच नं मिशी. शेंडी ठेवली मालक, चिंता नका करू. मी का पहिल्यांदा करून राहिलो हे काम?” त्यानं वस्तरा पुसला, धोकटी आवरली, आणि खाली बघत म्हणाला, “धीर धरा.”

मला वाटलं, मिशीबद्दल म्हणतोय. म्हटलं, केवढा समजूतदार माणूस!

आरशात पाहिलं. सोललेल्या संत्र्याला दोन कान लावल्यासारखा दिसत होतो. योजना मात्र शंभर टक्के यशस्वी! या अवतारात माणूस खोलीबाहेर तोंड काढणं शक्यच नव्हतं.

पण सकाळी दात घासायला विहिरीवर जावंच लागतं, ही बाब योजनेतून सुटली होती.

बुधवारी सकाळी, ऊन चांगलंच तापल्यावर, मी विहिरीच्या कट्ट्यावर, अनवाणी, पंचा नेसून, तोंडात राखुंडी भरून उभा होतो आणि समोरून नत्थूजी आले. नत्थूजी मूळचे आमच्या पारशिवनीचे, बाबांचे बालमित्र; आता गांधीबागेत कापडाची दलाली करीत. माझी यमुआत्या महालात राहायची, तिनं परीक्षेसाठी म्हणून डिंकाचे लाडू त्यांच्या हाती पाठवले होते. नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. डोक्याकडे पाहिलं. ओठाकडे पाहिलं. पायांकडे पाहिलं. आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

“मुकुंदबाबू... गणपतराव?”

बाप जिवंत असताना आमच्याकडे मिशीला वस्तरा लागत नाही, हे मला त्या क्षणी आठवलं! मी जोरजोरानं मान हलवली. बोलता येईना, तोंडात राखुंडी. मी ‘नाही, नाही’ म्हणून मान हलवतोय, आणि नत्थूजींना दिसतंय, की पोराला शब्द फुटत नाही, नुसतं डोकं हलवतंय! डोळ्यांतून पाणीही आलं. राखुंडी घशात गेल्यावर येतंच.

“गेला नं माहा दोस्त!” नत्थूजी मटकन कट्ट्यावर बसले. “मांगच्या आठवड्यात तं माल नेला गा त्यानं! यमुताईले सांगा लागते... आता जाऊनच सांगतो!”

आणि उठून तडक निघाले. जाताना लाडवांचा डबाही घेऊन गेले, कारण सुतकात गोड चालत नाही!

मी चूळ भरून ओरडेपर्यंत ते फाटकाबाहेर. धावलो. फाटकाबाहेरच्या डांबरी रस्त्यानं माझ्या तळव्यांशी जे काही केलं, ते लिहिण्यासारखं नाही. मागं वळलो, चपला घ्यायला. चपला पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली विश्वनाथकडे, विश्वनाथ वर्गात. मी कुठंही जाऊ शकत नव्हतो. म्हटलं ना, माझी योजना फसत नाही!

दुपारी दोन टांगे होस्टेलच्या आवारात शिरले आणि पहिल्या टांग्यातून उतरायच्या आधीच यमुआत्यानं गळा काढला.

“माय वं! माहा दादा गेला नं वं! आन मले एका शब्दानं कळवलं नाही कोणी!”

“काहून कळवलं नाही वं?” आत्याच्या वाड्यातल्या प्रयागबाईंनी पदर डोळ्यांना लावत विचारलं.

“वयनीचं काम हाय हे! लग्नापासून मले टाळून राहिली ते. दादाच्या मौतीतही टाळलं!”

होस्टेलात बायकांना मज्जाव होता, पण अशा आवाजाला अडवायची छाती सुपरिंटेंडंटांना झाली नाही. त्या थेट खोलीत आल्या.

“आत्या, ऐक माझं! बाबा जित्ते आहेत!”

आत्यानं मला पोटाशी धरलं. “हाव रे बाबू. चांगली माणसं कुठी मरतेत?”

“तसं नाही! खरोखर जित्ते आहेत! मी अभ्यासासाठी गोटा केला!”

आत्यानं प्रयागबाईंकडे पाहिलं. प्रयागबाईंनी आत्याकडे पाहिलं.

“पोट्ट्यानं धसका घेतला वं,” प्रयागबाई हळूच म्हणाल्या. “माह्या दिराचं असंच झालं होतं. बायको गेली तं म्हणे, मामाच्या घरी गेली हाय.”

मग आत्यानं खोली पाहिली. जमिनीवर चटई. खाट नाही. चपला नाहीत. सदरा नाही. “बाबू, जेवण?”

“एकवेळ.”

“पाहा वं! सारं रीतीनं करून राहिला! कोणी सांगाले नाही, काही नाही. आन आपण म्हणतो कॉलेजातले पोट्टे बिघडले!”

बाबांनी मला कधी असं पोटाशी धरलं नव्हतं, की आत्यानं कधी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. पण अभ्यास आणि सुतक यांचे नियम एकच असतात, हे मला बी.ए.पर्यंत कोणी शिकवलं नव्हतं.

“आत्या, तू पारशिवनीला कोणाला तरी पाठवून बघ ना!” मी शेवटचा उपाय काढला.

“मी?” आत्या ताठ झाली. “ज्यांनी मले बोलावलं नाही, त्यांच्या दारात मी पाय ठेवू? दिवस संपेपर्यंत तं मुळीच नाही!”

तर अशा रीतीनं बाबा मेलेच.

संध्याकाळी विश्वनाथ आला. म्हटलं, सुटलो! याला तरी सगळी योजना माहीत आहे. तो दारातच थबकला आणि एकदम माझ्या गळ्यात पडला.

“माफ कर यार! काल मी तुह्या गोट्याले हसलो!”

“अबे भैताडा, तुझीच ना ती योजना!”

“काल योजना होती. आज खरंच झालं म्हणते ना सारं होस्टेल! मी वर्गात होतो तवा तार आली असन.”

“कसली तार? कोणी पाहिली?”

“कोणी पाहिली नाही. पण एवढे लोक खोटं बोलतीन काय?” मी पेटीची किल्ली मागितली, तर म्हणाला, “सुतकात चपला-सदरा चालत नाही बे!”

बी.ए. झाल्यावर हा विश्वनाथ वकील झाला. मी माझं एकही काम त्याच्याकडे दिलेलं नाही.

सुपरिंटेंडंटांनी हुकूम सोडला, की मुकुंदाला एकटं सोडू नका, त्याच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो. मग काय! पाळीपाळीनं दोन-दोन मुलं खोलीत येऊन बसू लागली. आधी गप्प बसत. मग एकजण उसासा टाकी. मग दुसरा आपल्या घरच्या मौतीची हकिगत सुरू करी. एका मुलानं मला त्याचे तीन आजोबा सांगितले! मी पुस्तक उघडलं, की कोणीतरी ते हलकेच मिटवून बाजूला ठेवी आणि म्हणे, “आज नको वाचू. मनाला त्रास होतो.” मेसच्या आचाऱ्यानं मला पंगतीतून उठवून व्हरांड्यात पत्रावळीवर वाढायला सुरुवात केली. अळणी. म्हटलं, मीठ तरी घाल. तर म्हणाला, “तुमच्या वडिलांसाठी एवढंही करू नये काय आम्ही?”

ज्या परीक्षेसाठी हा अवतार घेतला, तिची एक ओळ वाचायला मिळेना. आणि शुक्रवार उजाडला.

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत मी अनवाणी शिरलो, तसे ते खुर्चीवरून उठून उभे राहिले. कॉलेजच्या इतिहासात प्रिन्सिपॉल विद्यार्थ्यासाठी उभा राहिल्याची ती एकमेव वेळ असावी.

“बस. मला सगळं समजलं आहे.”

“सर, नाही समजलं. माझे वडील ठीक आहेत.”

त्यांनी डोळे मिटले. “हो. आता ते ठीकच असणार.”

“सर, ते पारशिवनीला आहेत!”

“आपल्याकडे असंच मानतात. लवकर घर सोडत नाहीत.” त्यांनी चष्मा पुसला. “मला विशेष कशाचं वाटलं सांगू? वडिलांना अग्नी देऊन तू थेट अभ्यासाला परत आलास! केवढी ही विद्येची ओढ! आणि मी इथं तुझ्या हजेरीचा हिशेब करीत बसलो होतो. ते हजेरीचं विसर. कौटुंबिक आपत्ती असेल, तर कमी हजेरी माफ करायचा मला अधिकार आहे. तू परीक्षेला बसशील.”

माझं तोंड पुन्हा सांगायला उघडलेलं होतं. शेवटचं वाक्य ऐकून ते कसं मिटलं, कळलं नाही. आता बाबा जिवंत झाले की माझी परीक्षा गेली. परीक्षा गेली की मांजरपाट! पोटच्या पोरावर असा प्रसंग कोणत्याही बापानं आणू नये.

“आणि उद्या चार वाजता हॉलमध्ये शोकसभा,” साहेब म्हणाले. “अशा पित्याची ओळख सगळ्या विद्यार्थ्यांना झाली पाहिजे.”

इकडे पारशिवनीत काय चाललं होतं, ते मला पुढं कळलं.

नत्थूजींनी गांधीबागेत ताराचंदशेठला बातमी दिली. बाबा वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच माल उचलत. ताराचंदशेठ हळहळले, अर्धा दिवस दुकान बंद ठेवलं आणि क्रियेला उपयोगी पडावं म्हणून पांढऱ्या कापडाचा एक तागा शनिवारच्या मोटारीनं पारशिवनीला पाठवून दिला. मोटारवाला तो घेऊन दुकानात गेला. बाबा गादीवर.

“ताराचंदशेठनं कापड पाठवलं. गणपतराव गेले म्हणून.”

“कोण गणपतराव?”

“कापडवाले.”

बाबांनी तागा घेतला, दोन बोटांत धरून पोत पाहिला, उजेडासमोर धरला. आणि भडकले.

“पाहा! मेल्यावर बी ताराचंदनं मले हलकाच माल पाठवला!”

मरणाची बातमी त्यांच्या डोक्यात त्यानंतर शिरली. तागा काखेत मारून ते त्याच मोटारीनं नागपूरला निघाले. गांधीबागेत मोटार थांबली, तेव्हा उतरून त्यांनी आधी माल परत केला का, असं मी त्यांना पुढं एकदा विचारलं. म्हणाले, “ताराचंद मले पाहूनच मांगच्या दारानं पळाला, तं वापस कोणाले करू? दुकानातला पोऱ्या तेवढा बोलला, बातमी कॉलेजातून आली, तं तसाच तिकडं निघालो.”

चार वाजले. हॉल खचाखच भरलेला. अर्थशास्त्राला जेवढी पोरं कधी नव्हती, तेवढी माझ्या बापाला होती! मी स्टेजवर, प्रिन्सिपॉलसाहेबांच्या शेजारी, अनवाणी. समोर पहिल्या रांगेत आत्या आणि प्रयागबाई. दुसऱ्या रांगेत नत्थूजी, डोळे मिटून, उपरण्यात तोंड लपवून. अर्थशास्त्राचे प्राध्यापक बोलायला उठले. त्यांनी बाबांना पाहिलेलं नव्हतं. मलाही पाहिलेलं नव्हतं. पण ते मागणी आणि पुरवठ्यावर तासभर बोलू शकत, मग माणसावर का नाही बोलणार?

“कै. गणपतराव!” त्यांनी सुरुवात केली. “खेड्यातला एक साधा व्यापारी. पण ज्ञानाची तहान केवढी!”

त्याच वेळी दारातून बाबा आत आले. काखेत पांढरा तागा.

माझ्या डोक्यावर केस असते, तर उभे राहिले असते.

दारावर काळी फीत लावून उभ्या असलेल्या मुलानं अदबीनं विचारलं, “आपण कोणाकडले?”

“गणपतराव.”

“या, या. घरचेच दिसता.” आणि त्यानं त्यांना नेऊन दुसऱ्या रांगेत बसवलं. नत्थूजींच्या शेजारी! नत्थूजी डोळे न उघडता थोडे सरकले.

मी स्टेजवरून बाबांना खुणा करू लागलो. प्रिन्सिपॉलसाहेबांनी माझा हात धरून थोपटला. “रडून घे,” ते कुजबुजले.

“स्वतः गणपतराव फाटकं नेसले,” प्राध्यापकांचा आवाज चढला, “पण मुलाच्या शिक्षणात खंड पडू दिला नाही! ‘मुकुंदा,’ ते म्हणत, ‘एकदा नापास झालास तर पुन्हा बस, पुन्हा झालास तर पुन्हा बस! पैशाकडे पाहू नकोस!’”

टाळ्या! बाबा ऐकत होते. आधी कपाळावर आठ्या होत्या. मग एक उतरली. मग दुसरी. ‘पैशाकडे पाहू नकोस’ला त्यांनी स्वतःच मान डोलावली. पण एक गोष्ट त्यांना खटकत असावी. ते नत्थूजींकडे कलले.

“हा मास्तर फाटकं काहून म्हणून राहिला गा? कापडाचं दुकान हाय माहं!”

“जाऊ द्या,” नत्थूजी हुंदका आवरत म्हणाले. “मेल्या माणसाले का फरक प...”

आणि त्यांनी डोळे उघडले.

नत्थूजींनी मारलेली ती किंकाळी कॉलेजच्या बाहेर ताटकळलेल्या टांग्यांच्या घोड्यांनीही ऐकली, कारण ते उधळले. मागची पोरं खिडक्यांतून बाहेर. पुढची पोरं बाकाखाली. विश्वनाथ कुठं गेला, ते दोन दिवस कळलं नाही. प्रयागबाईंनी रामनाम सुरू केलं. एकटी आत्या जागेवर उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली,

“दादा! मले न कळवता मेला, आन मले न कळवता जित्ता बी झाला!”

बाबा उठून उभे राहिले. त्यांनी हात वर केला.

“मास्तर, तुम्ही थांबू नका. अर्धंच झालं तुमचं. माह्याबद्दल इतकं चांगलं मी जलमात ऐकलं नव्हतं. होऊ द्या पुरं!”

आता प्राध्यापक म्हणजे प्राध्यापक! समोर वर्ग असो नसो, तास पुरा करायचा, ही त्यांची जन्माची सवय. त्यांनी घोटभर पाणी पिऊन भाषण जिथं सोडलं होतं तिथून पुढं चालू केलं, आणि पुरं केलं. बाबांनी सगळ्यात शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या.

मग आम्ही प्रिन्सिपॉलसाहेबांच्या खोलीत. बाबांनी मला जवळून पाहिलं, आणि भाषणानं चढलेली गुंगी क्षणात उतरली.

“मी जित्ता असताना मिशी? चाल घरी! आत्ताच्या आत्ता!”

“बाबा, न्हाव्यानं काढली. मी वाचत होतो.”

“वाचत होता, की झोपला होता?”

बापाला सगळं कळतं.

“गणपतराव,” साहेब खाकरले, “यानं मला अनेकदा सांगायचा प्रयत्न केला, हे कबूल केलं पाहिजे. मीच ऐकलं नाही. पण हजेरी मी माफ केली ती तुमच्या... ती त्या कारणानं. आता कारण तर इथं समोर बसलंय. मला माझा हुकूम मागं घ्यावा लागेल. याला परीक्षेला बसता येणार नाही.”

मला डोळ्यांसमोर मांजरपाट दिसू लागला. लांबच लांब, पारशिवनीपासून थेट स्मशानापर्यंत. बाबा ‘ठीक आहे’ म्हणतील, मला घेऊन जातील आणि उद्यापासून गज हातात! मी मान खाली घातली.

पण बाबांचे कान दाराकडे लागले होते. त्यांना मघाचं भाषण आठवत असावं. बाहेर दारापाशी पोरांची गर्दी जमली होती, आणि ‘हेच ते! हेच ते शिक्षणाचे भोक्ते!’ असं कुजबुजणं आतपर्यंत ऐकू येत होतं. बाबांनी फेटा सारखा केला.

“साहेब,” ते म्हणाले, “मघा पाचशे लोकांपुढं तुमच्याच मास्तरनं सांगितलं, की हा गणपतराव पोराच्या शिक्षणात खंड पडू देत नाही. आता मी याले घरी नेलं, तं तुमच्या मास्तरचं खोटं नाही पडणार?”

“पण नियम! कौटुंबिक आपत्तीशिवाय मला माफी देता येत नाही.”

“मंग आपत्ती पाहा ना काही.”

साहेब विचारात पडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गोट्यापासून सुरुवात केली. शेंडी, कान, उघडा ओठ, पंचा, पोळलेले पाय, असं करत ते सावकाश खाली आले आणि पुन्हा वर गेले.

“गणपतराव, तुम्हाला मुलगे किती?”

“हा एकच.”

“एकच?” साहेबांनी सुस्कारा टाकला आणि दौत पुढं ओढली. “आपत्ती मान्य!”

परीक्षेला बसलो. उरलेल्या दिवसांत कोणी भेटायला आलं नाही, कारण त्या शोकसभेनंतर पोरं माझ्या खोलीवरून पळतच जात. विश्वनाथ तर पंधरा दिवस दुसऱ्याच्या खोलीत झोपला. त्यामुळे अभ्यास झाला, आणि मी पास झालो. तिसऱ्या वर्गात, शेवटून मोजायला सोपं पडेल अशा जागी, पण पास!

पारशिवनीत पेढे वाटले गेले. ताराचंदशेठ पहिल्यांदाच स्वतः आमच्या घरी आले, जरा बिचकतच. म्हणाले, “गणपतराव, नशीबवान हो तुम्ही. पोरगं बी.ए. झालं!”

बाबांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

“लोक पोराले बी.ए. करासाठी वावर इकतेत, शेटजी. मले तं मरा लागलं!”